शून्य आणि ऋण घातांक कसे समजवावेत? मदत हवी आहे

नमस्कार. नागपुरात महाल भागात राहणाऱ्या माझ्या भाचीचा, ती यंदा आठवीत असल्याने, मी संध्याकाळी गणिताचा अभ्यास घेतो. पाया समान असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते, हे २ चा तिसरा आणि चौथा घात सुटे मांडून, एकूण सात वेळा २ मोजल्यावर तिला लगेच पटले. भागाकारात घातांकांची वजाबाकी होते, हेही तसेच पटले.

अडचण त्यापुढची आहे. ५ च्या तिसऱ्या घाताला त्याच घाताने भागले की घातांक शून्य आणि किंमत १ येते, हे दाखवूनही "मामा, पाच एकदाही घेतला नाही, तर उत्तर शून्य का नाही?" हा तिचा प्रश्न (तसा रास्तच) कायम आहे. ८, ४, २, १, १/२, १/४ अशी दर पायरीला निम्मी होणारी मांडणी केल्यास शून्य व ऋण घातांक एकाच ओघात येतील, असे मला वाटते. परंतु हाच विचार पाया १० किंवा २/३ असताना ती स्वतःहून करील का, याची शंका आहे.

नुसते पाठांतर मला नको आहे. वर्गात शिकवणाऱ्यांनी यासाठी कोणता क्रम आणि कोणती उदाहरणे उपयोगी पडली, ते कृपया सविस्तर सांगावे.