स्कीन्सला २३, मेरिलला ७... हे पटतंय का कोणाला?

सॅनडिएगोकर
नॅशनल लीगच्या (अमेरिकन बेसबॉलच्या दोन मेजर लीगपैकी एक) २०२४ च्या रूकी ऑफ द इयरचा, म्हणजे सर्वोत्तम नवख्याचा, निकाल लागला, पिट्सबर्ग पायरेट्सच्या पिचर (बॉल टाकणारा) पॉल स्कीन्सला पहिल्या नंबरची २३ मतं आणि आमच्या सॅन डिएगो पाद्रेजच्या जॅक्सन मेरिलला ७. हरला याचं काही नाही हो, पण इतकं एकतर्फी? पोरगा मुळात शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर), मार्चमधे सोलला डॉजर्सविरुद्ध त्याला डायरेक्ट सेंटरफील्डला (मागे मैदानाच्या मधोमध) उभं केलं, तेव्हा एकवीसही पूर्ण नव्हते, आणि तिथनं पुढे १५६ मॅचेस खेळला, .२९२ अॅव्हरेज (हजारात २९२ हिट), २४ होमर (बॉल थेट कुंपणापार), ९० आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेले रन), वर १६ बेस चोरले. शेवटच्या, नवव्या इनिंगमधे टीम मागे असताना होमर मारून मॅच काढायची तर त्याला सवयच लागली होती. पाद्रेज ९३ मॅचेस जिंकून प्लेऑफला गेले. आणि स्कीन्स खेळला किती, तर २३ मॅचेस. तेवीस! बाकीचे चार-चार दिवस डगआउटमधे बिया चघळत बसायचं आणि बक्षीस घेऊन जायचं, हा कुठला न्याय? त्यात एप्रिलभर तो मेजरमधे नव्हताच.

तीननद्याकाठी
आलं का रडगाणं 😄 अहो एप्रिलमधे नव्हता तो त्याच्यामुळे नव्हता का? पायरेट्सनी त्याला इंडियानापोलिसला ट्रिपल-एमधे (मेजरच्या एक पायरी खाली) ठेवला, तिथे कोणाला त्याचा बॉल दिसत नव्हता तरी ११ मे उजाडावा लागला. मालकाच्या हिशोबाची शिक्षा पोराला का? आणि आल्यावर काय केलं बघा ना, दुसऱ्याच मॅचला रिग्ली मैदानावर शिकागोविरुद्ध सहा इनिंग एक हिट नाही, ११ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद). जुलैत मिलवॉकीला सात इनिंग, परत एक हिट नाही, परत ११. सीझनचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यातले रन) १.९६. शंभर मैलाचा फास्टबॉल आणि त्याच्या जोडीला तो स्प्लिंकर, जो सिंकर वाटेवाटेपर्यंत स्प्लिटरसारखा खाली बसतो, मारायचं कसं? फक्त ११ मॅचेसच्या जोरावर ऑलस्टारला (निवडक खेळाडूंची मॅच) नॅशनल लीगचा स्टार्टर (सुरुवात करणारा पिचर) होता, रूकीला हा मान त्याआधी १९९५ ला नोमोला मिळाला होता. आमच्याकडे हे बक्षीस याआधी एकदाच आलंय, २००४ ला जेसन बे. त्यामुळे आम्ही पेढे वाटणार, तुम्ही चिडा.

आकडेमोड्या
दोघंही शांत व्हा. एक तर मतं नीट बघा. पहिल्या नंबरला ५ पॉइंट, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १. स्कीन्स १३६, मेरिल १०४. हिशोब मांडून बघितला तर मत देणाऱ्या तीसच्या तीस पत्रकारांनी पहिल्या दोन जागा या दोघांनाच दिल्यात, एकानेही मेरिलला तिसरा टाकलेला नाही. म्हणजे २३-७ दिसतं तसं "मेरिल फालतू" असं कोणी म्हटलेलं नाहीये, प्रत्येकाला एकच नाव वर लिहायचं होतं आणि बहुतेकांचं एकाच बाजूला झुकलं, बास.

दुसरं, ते २३ विरुद्ध १५६ मला अजिबात पटत नाही. पिचरचं काम मॅचेसमधे मोजायचंच नसतं. स्कीन्सने १३३ इनिंग टाकल्या, त्यात पाचशेच्या वर बॅटर त्याच्यासमोर उभे राहिले. मेरिल बॅट घेऊन उभा राहिला ते सहाशेच्या जवळपास वेळा. म्हणजे मामला पाचशे विरुद्ध सहाशे असा आहे, एवढा मोठा खड्डा नाही तो. फक्त एकाचं काम रोज थोडं थोडं आणि दुसऱ्याचं पाचव्या दिवशी एकदम.

वॉर (खेळाडूमुळे टीमला किती जादा मॅचेस मिळाल्या त्याचा अंदाज) बघायला गेलात तर अजून गंमत. फॅनग्राफ्स साइटवर मेरिल पुढे, बेसबॉल रेफरन्सवर स्कीन्स पुढे. कारण एक जण पिचरचे स्ट्राइकआउट, वॉक, होमर यावर हिशोब करतो आणि दुसरा प्रत्यक्ष किती रन दिले त्यावर. तुम्हाला हवा तो उघडा आणि भांडा.

सॅनडिएगोकर
पाचशे-सहाशे मान्य, पण फील्डिंग कुठे गेली तुमच्या हिशोबात? सेंटरफील्डला रोज नऊ इनिंग पळायचं, तेही नवीन जागी. ते कोणी धरतच नाही.

आकडेमोड्या
धरतात हो, वॉरमधे येते ती. पण अर्ध्या सीझनवाल्याला द्यायचं नाही असा नियम कधीच नव्हता. २०१४ ला मेट्सचा पिचर डीग्रॉम मेच्या मध्यात आला, २२ मॅचेस टाकल्या आणि जिंकला. आणि १९५९ ला विली मकोवी, तो तर पिचरही नाही, ५२ मॅचेस खेळून एकमताने! .३५४ अॅव्हरेजने मारलं होतं म्हणा.

पोवईचा_पोऱ्या
मी नवीन आहे, क्रिकेटवाला, सरळच विचारतो. इमानागा कुठे गेला? शिकागोचा जपानी पिचर, १५ जिंकल्या ३ हरल्या, ईआरए २.९१. त्याचं नाव कोणी घेत नाही, का तर वय ३१ म्हणून? आपल्याकडे रणजीत दहा सीझन घासून एखादा इंडियाकडून पहिल्यांदा खेळला तर त्याला डेब्यूटंटच म्हणतो ना आपण.

तीननद्याकाठी
वयाची अट नाहीये भाऊ, आधी मेजरमधे १३० अॅट-बॅट (बॅटिंगच्या खेपा) किंवा पिचर म्हणून ५० इनिंग ओलांडल्या नसल्या म्हणजे झालं (रोस्टरवरचे दिवस पण मोजतात). जपानमधलं खेळणं धरत नाहीत. जपानहून आलेला इचिरो २००१ ला २७ वर्षांचा होता, रूकी पण जिंकला आणि त्याच वर्षी एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) पण. इमानागा चांगलाच आहे, पण यंदा त्याच्यासमोर १.९६ उभा होता, काय करणार.

आणि एक राहिलं. २०२२ च्या करारानुसार या बक्षिसाच्या पहिल्या दोघांत जो येतो त्याला पूर्ण वर्षाची सर्व्हिस (मेजरमधले दिवस, ज्यावरून खेळाडू टीमकडून कधी मोकळा होतो ते ठरतं) मिळते. म्हणजे स्कीन्स दुसरा आला असता तरी मालकांनी एप्रिलमधे वाचवलेले दिवस गेलेच होते. हे वाचून मला निकालाइतकाच आनंद झाला 😂

सॅनडिएगोकर
ठीके, २३-७ नाही, १७-१३ म्हटलं असतं तर मी गप्प बसलो असतो. माझं मत मेरिललाच. पण मग तिकडे अमेरिकन लीगमधे काय चाललंय ते तरी सांगा, यांकीजचा लुइस गिल १०६, ओरिओल्सचा काउझर १०१. पाच पॉइंट! आणि गिल २०२१ मधे सहा मॅचेस टाकून गेलाय, पन्नास इनिंग झाल्या नाहीत म्हणून अजून "रूकी". त्याच्यावर धागा काढा कोणीतरी, मी येतो भांडायला.