मदत हवी आहे : पुढे रुंद, कमी ड्रॉपचे, भरपूर कुशनचे ट्रेल शूज. शुक्रवारच्या आत ठरवायचंय

टेकडीवाट
नमस्कार मंडळी. थेट मुद्दा. डोंगरात धावण्यासाठी बूट हवेत. अटी तीन : बोटांना ऐसपैस जागा, ड्रॉप (टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या जाडीतला फरक) कमी आणि पायाखाली भरपूर कुशन. आत्ताच्या बुटांनी दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आहेत. डाव्या पायाचं गेल्या रविवारी निघालंच, मोजा काढला तर ते मोज्यातच चिकटून राहिलेलं. करंगळीला फोड तर कायमचाच.

मावसभाऊ दिवाळीला अमेरिकेहून येतोय, तो आणणार आहे. त्याला शुक्रवारपर्यंत मॉडेल आणि साईज कळवायची. एकदा इथे आले की परत करायची सोय नाही. कंपनी कोणती, आल्ट्रा, होका की टोपो? 'दुकानात जाऊन घालून बघा' असं कृपया सांगू नका. पुण्यात तीन दुकानं पालथी घालून झाली, पुढे रुंद असं काही मिळालं नाही.

डोंगरधार
आल्ट्रा लोन पीक. डोळे झाकून मागवा. टाच आणि चवडा एका पातळीवर, 25 मिमी जाडी, आणि पुढचा आकार खऱ्या पायासारखा. माझा चौथा जोड चालू आहे. पहिल्यांदा घातले तेव्हा बुटात बोटं हलवता येतात हे कळलं. काळ्या नखांचा विषय तिथेच संपला.

पायपीट
दादा, धावता कुठे? आठवड्याला किती? आत्ताचे बूट कोणते आणि त्यांचा ड्रॉप किती? शर्यत डोळ्यासमोर आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग कोण काय सांगणार?

जुना_गडकरी
मी 1991 पासून सह्याद्रीत फिरतोय. अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज घ्या. आपल्या कातळावर जी पकड ते देतात ती भल्याभल्या परदेशी बुटांना नाही. एका अमेरिकन जोडाच्या पैशांत तुमची कित्येक वर्षं निघतील.

डोंगरधार
काका, ते चालायला उत्तम, मीही पावसाळ्यात वापरले आहेत. पण त्यांना कुशन मागितलंय आणि रुंदी मागितलीय. अ‍ॅक्शनमध्ये दोन्ही नाही.

जुना_गडकरी
कुशन पायात असतं, बुटात नाही. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने कितीदा चढलो, नख गेलं नाही.

टेकडीवाट
@पायपीट, रोज वेताळ टेकडी किंवा तळजई, रविवारी सिंहगड. शर्यत डिसेंबरात, एसआरटीचा (सिंहगड-राजगड-तोरणा) 53 किमी. आत्ताचा ड्रॉप 10 मिमी असावा. ब्रँडचं नाव इथे नको. आणि मी दादा नाही, ताई आहे.
मला फक्त मॉडेलचं नाव हवंय हो.

पायपीट
ताई, माफ करा. पण बघा, दोन ओळींत चित्र पालटलं. 10 वरून एकदम शून्यावर जायचं, तेही सात आठवड्यांत, आणि पुढे सिंहगड-राजगड-तोरणा! मी असताना कुणी असं करू नये. मी केलंय. तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या दगड झाल्या आणि चौथ्या आठवड्यात टाचेच्या वरची शीर (अकिलीस टेंडन) अशी धरली की सकाळी पलंगावरून उतरून भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायचो. त्या वर्षी शर्यत गेली.

डोंगरधार
कारण तुम्ही घाई केली असणार. आधी आठवड्यातून दोनदा तीन-तीन किलोमीटर, मग हळूहळू वाढवायचं. ड्रॉप हा शब्दच मुळात बूटवाल्यांनी आणला. माणूस उपजत शून्य ड्रॉपचाच असतो.

पायपीट
हळूहळूच म्हणतोय मी. तीन-चार महिने. त्यांच्याकडे सात आठवडे आहेत, त्यातले शेवटचे दोन सराव कमी करण्याचे.

अनवाणी_पाऊल
बूटच कशाला? लता करे बारामतीला नऊवारीत, अनवाणी धावून जिंकल्या. पाय हळूहळू घट्ट करा, पातळ तळाच्या सँडल घ्या. नखाचा प्रश्न येतच नाही, कारण नख आपटायला पुढे काही नाही.

सह्यकन्या
लताबाईंबद्दल मनापासून आदर, पण त्या रस्त्यावर धावल्या. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार बघितली आहे का? डिसेंबरात गवत वाळून आडवं झालेलं असतं, त्याच्याखाली मुरूम. पाय घसरला की बोटं थेट दगडावर. शिवाय पातळ तळाचेही दावे फार झाले होते. बुटांचे तळ बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीने आपल्या पाच सुट्या बोटांच्या पातळ बुटांबद्दलचा खटला 2014 मध्ये अमेरिकेत 37.5 लाख डॉलर देऊन मिटवला. पाय मजबूत होतात या जाहिरातीला पुरेसा आधार नाही, असा आरोप होता.

अनवाणी_पाऊल
त्यात बुटांचा दोष नव्हता, लोकांनी सवय न करता वापरले.

सह्यकन्या
पायपीट तेच सांगताहेत की.

निनाद_ठाणे
वॉटरप्रूफच घ्या. गोअरटेक्स असलं की पावसाळ्यातही चालतील. आणि घड्याळाचं बघितलंत का? 53 किमीला बॅटरी टिकणारं लागेल.

सह्यकन्या
आपल्याकडे गोअरटेक्सचा उपयोग उलटा होतो. ओढा गुडघाभर असतो, पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाट नसते. अर्धा लिटर पाणी पायात घेऊन गड चढायचा. साध्या जाळीचा बूट पन्नास पावलांत पाणी टाकतो. आणि शर्यत डिसेंबरात आहे.

नीलिमा_फिजिओ
ताई, मॉडेलकडे येण्याआधी तीन प्रश्न. नखं चढताना दुखतात की उतरताना? सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत किंवा टाचेमागे दुखतं का? आणि आत्ताचे बूट नेहमीच्या साईजपेक्षा मोठे घेतलेत का?

टेकडीवाट
उतरतानाच. सिंहगडाच्या पायवाटेने खाली येताना प्रत्येक पावलाला अंगठा पुढे धडकतो. टाचेमागे डाव्या बाजूला महिनाभर थोडं आखडल्यासारखं वाटतं, पाच मिनिटं चाललं की जातं, म्हणून लिहिलं नाही. बूट मोठे घेतलेत, हो. करंगळी दाबली जात होती तर दुकानदार म्हणाला, दीड-दोन साईज वर घ्या, पुरुषांचे घ्या, रुंदी मिळेल.

नीलिमा_फिजिओ
गोम इथे आहे. साईज वाढवली की लांबी भरपूर वाढते, रुंदी जेमतेम. मधल्या भागात पाय सैल राहतो, उतारावर अख्खा पाय पुढे सरकतो आणि अंगठा आपटतो. करंगळी मात्र निमुळत्या टोकात होती तिथेच. तुमच्या बुटाला पुढे जागा नाही असं नाही, ती चुकीच्या जागी आहे.

आज संध्याकाळी हे करा. सकाळी नको, दिवसभरात पाय थोडा फुगतो. धावायचे मोजे घालून जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून उभ्या राहा, वजन दोन्ही पायांवर. पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ काढा. सगळ्यात लांब बोट आणि सगळ्यात रुंद जागा मोजा, दोन्ही पायांची. मग बुटातला इनसोल (आतली सुटी गादी) काढा आणि त्यावर उभ्या राहा. कुठलं बोट काठाबाहेर जातं ते बघा. बुटाच्या जिभेवरच्या पट्टीवर सेंटिमीटरचा आकडा असतो, तोही कळवा.

आणि टाचेमागचं आखडणं 'थोडं' नाही. ती त्या शिरेची तक्रार आहे. ड्रॉप जितका कमी, तितका पोटरीवर आणि त्या शिरेवर ताण जास्त. ड्रॉप जास्त असेल तर भार गुडघ्याकडे सरकतो. आत्ता शून्य ड्रॉप तुमच्यासाठी नाही.

डोंगरधार
नीलिमाताई, माझा अनुभव वेगळा आहे. शून्यावर आल्यापासून माझे गुडघे दुखायचे थांबले.

नीलिमा_फिजिओ
तुमच्या गुडघ्यांसाठी ते बरोबरच असेल. यांची तक्रार गुडघ्याची नाही, टाचेमागची आहे.

निनाद_ठाणे
मग होका स्पीडगोट घ्या की. कुशन भरपूर, ड्रॉप चार-पाच, तळाला व्हायब्रमचं पकड देणारं मेगाग्रिप रबर.

सह्यकन्या
स्पीडगोटचा नेहमीचा साचा पुढे निमुळता आहे. रुंद आवृत्ती मिळते, पण रुंद आणि पायाच्या आकाराचा यात फरक आहे. नुसत्या रुंद बुटात सगळीकडेच थोडी जास्त जागा असते, टोक निमुळतंच राहतं. आल्ट्रा आणि टोपो टाच व मधला भाग धरून ठेवतात आणि फक्त बोटांपाशी पंख्यासारखे उघडतात.

टेकडीवाट
केलं. उजवा 24.4 लांब, डावा 24.6. रुंदी दोन्हीची 10.1. इनसोलवर उभी राहिले तर करंगळी अख्खी बाहेर, चौथं बोट अर्धं बाहेर, आणि अंगठ्याच्या पुढे मात्र दोन बोटं जागा रिकामी. बुटावर 26.5 लिहिलंय. इतके दिवस मी हेच घालून धावत होते. कागद भिंतीला लावून ठेवलाय, आई विचारतेय हे कोणाचं पाऊल.

नीलिमा_फिजिओ
24.6 च्या पायाला 26.5 चा बूट. बघा, जवळजवळ दोन सेंटिमीटर पाय मागे-पुढे. मोठा पाय धरायचा, म्हणजे डावा. त्याच्या पुढे अंगठ्याची रुंदी एवढी जागा ठेवा, सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर. बुटावरचा 25.5 चा आकडा त्याच्या जवळ जातो. अमेरिकन मापात बायकांचा 8.5.

पायपीट
भावाला सांगताना 'बायकांचा 8.5' असं पूर्ण सांगा. नुसतं 8.5 सांगितलं आणि त्याने पुरुषांचा उचलला तर पुन्हा तेच. अमेरिकन मापात दोघांच्या आकड्यांत दीडचा फरक असतो, बायकांचा 8.5 म्हणजे पुरुषांचा 7. बायकांच्या जोडात रुंदी कमी वाटली तर पुरुषांचा 7 हा पर्यायही हाताशी ठेवा, तोही चालतो.

टेकडीवाट
हे कोणी सांगितलंच नव्हतं. मग आता नाव सांगा. टोपो?

सह्यकन्या
तुमच्या तीन अटी आणि ही शीर, सगळं धरलं तर टोपो अल्ट्राव्हेंचर. ड्रॉप 5, टाचेखाली साधारण 35 मिमी, चवड्याखाली 30, तळ व्हायब्रमचा. पुढे मोकळा, मध्ये घट्ट. तुम्ही 10 वर आहात, 5 हे अर्ध्या वाटेवरचं ठिकाण आहे. टोपो काढणारे टोनी पोस्ट आधी व्हायब्रमच्या अमेरिकन शाखेचे प्रमुख होते, म्हणजे पातळ तळाचं टोक बघून माणूस मधल्या वाटेवर आलाय.

डोंगरधार
आल्ट्रातच राहायचं असेल तर एक्सपिरियन्स वाइल्ड आहे, ड्रॉप 4. ऑलिंपसला कुशन 33 मिमी आहे, पण तो शून्याचा. नीलिमाताईंचं ऐकून मी लोन पीक मागे घेतो, शर्यत झाल्यावर बघा.

जुना_गडकरी
बूट कोणतेही घ्या, तोरण्याहून वेल्ह्याकडे उतरताना लेस कशी बांधता ते महत्त्वाचं. त्या उतारावर पोरांची नखं जाताना मी बघितली आहेत. गडावर थांबा, बूट काढा, टाच मागे आपटून बसवा आणि पुन्हा बांधा.

नीलिमा_फिजिओ
काकांचं शंभर टक्के बरोबर. त्यात भर : घोट्याजवळ जे एक जादा भोक असतं आणि बहुतेक जण मोकळं सोडतात, त्यातून लेस त्याच बाजूला घालून छोटा फास करा, समोरची लेस त्या फासातून ओढा, मग गाठ. टाच जागेवर बसते. करंगळीकडची सगळ्यात खालची भोकं सोडून लेस ओवली तर पुढे अजून सैल होतं. आणि नखं आदल्या दिवशी कापू नका, चार-पाच दिवस आधी, सरळ रेषेत.

टाचेसाठी : पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभ्या राहा, दोन्ही पायांनी वर, मग डाव्यावर भार ठेवून सावकाश खाली. दुखणं वाढलं किंवा सकाळचं आखडणं लांबत गेलं तर इथले सल्ले सोडा आणि समोर बसून तपासून घ्या.

निनाद_ठाणे
एसआरटीची नोंदणी अजून चालू आहे का? मला 25 किमीला यायचं होतं.

टेकडीवाट
@निनाद, माझी जुलैतच झाली, आताचं माहीत नाही.

सगळ्यांना : भावाला आत्ताच कळवलं. टोपो अल्ट्राव्हेंचर, बायकांचा 8.5, आणि तो नसेल तर पुरुषांचा 7. कागदावरच्या पावलाचा फोटो पाठवलाय, तो दुकानात इनसोल काढून त्यावर कागद ठेवून बघणार आहे. बूट आले की शर्यतीला पाच आठवडे उरतील. पहिले दहा दिवस एक दिवसाआड आणि फक्त टेकडीवर, सिंहगड नाही. तोपर्यंत जुन्याच बुटांना तो फास बांधून आज तळजईवर गेले होते. उतारावर अंगठा दोनदाच लागला, एरवी मोजता येत नाही.

काका, तोरण्यावर थांबून बूट नक्की काढेन.

पायपीट
नवा जोड आला की जुने 26.5 वाले टाकू नका. माझ्या भाच्याचा पाय अरुंद आणि लांब आहे, नुकताच धावायला लागलाय. कोथरूडला कुठेही येऊन घेऊन जाईन.