पोटाला 'आराम' द्या म्हणणाऱ्या त्या पोस्टबद्दल (एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळ असलेल्या आईबाबांनी वाचा)

सत्ताविसाव्या आठवड्याची आई
काल पालकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. तिचा सारांश असा, की एक किलोच्या आतल्या बाळाचं आतडं कच्चं असतं, म्हणून त्याला पहिला आठवडा पूर्ण आराम द्यायचा, फक्त सलाईनवर ठेवायचं, आणि दुसऱ्याच दिवशी नळीने दूध घालणाऱ्या हॉस्पिटलमधून बाळ हलवायचं. खाली अंगठेच अंगठे. मला रात्रभर झोप नाही. एखादी आई आत्ता एनआयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून हे वाचत असेल आणि आत जाऊन सिस्टरला म्हणेल, माझ्या बाळाला दूध देऊ नका.

माझी मुलगी ९४० ग्रॅमची. पहिल्या हॉस्पिटलमध्ये नेमका हाच आराम दिला, सहा दिवस एनपीओ, म्हणजे पोटात काहीच नाही. मग १ मिली सुरू केलं, आणि दर फीडच्या आधी सिरिंजने पोटातलं ओढून बघायचे. दीड-दोन मिली पांढरं दूध मागे आलं की फीड बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद, असं चार वेळा झालं. तोवर टीपीएन (शिरेतून पोषण) चालू, त्यासाठी पिक लाईन (शिरेतली लांब बारीक नळी) आत, आणि सतराव्या दिवशी त्या लाईनमधूनच इन्फेक्शन. दूध पचत नाही म्हणून थांबले आणि रक्तात जंतू गेले! दुसरीकडे हलवलं, तिथे इन्फेक्शन आटोक्यात येताच दर दोन तासांनी १ मिली माझंच दूध सुरू केलं आणि रोज वाढवत नेलं. पोट फुगलंय का, उलटी हिरवी आहे का, बाळ मलूल आहे का, एवढं बघायचे. दर वेळी सिरिंज ओढणं बंद. तिथे दूध सुरू केल्यापासून अकराव्या दिवशी ती पूर्ण दुधावर आली.

आतड्याला काम दिलं नाही तर त्याचं अस्तर पातळ होतं, मग ते पचवणार कसं? इंग्लंड-आयर्लंडमध्ये ४०४ बाळांवर अभ्यास झाला, २०१२ साली छापून आला. आईच्या पोटातच वाढ खुंटलेली बाळं होती ती, म्हणजे सगळ्यात धास्तीची. निम्म्यांना दुसऱ्या दिवशी दूध, निम्म्यांना सहाव्या. लवकरवाली १८ दिवसांत पूर्ण दुधावर आली, उशिरावाली २१ दिवसांत, आणि एनईसी (आतडं सुजून सडायला लागतं तो आजार) वाढली नाही. आराम द्या म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

जुळ्यांचा बाबा
ताई, तुमची मुलगी घरी आली, देवाची कृपा. माझ्या दोघींपैकी एकच आली.
२९ आठवडे, ११०० आणि ११८० ग्रॅम. तिसऱ्या दिवसापासून दूध, रोज वाढवत होते, आम्ही खूश. बायकोचं दूध पुरेना म्हणून पावडरचं सुरू केलं. सोळाव्या दिवशी पहाटे चार्टवर लिहिलंय '३ मिली हिरवट' आणि त्यापुढचं फीडही दिलंय. दुपारी पोट टम्म, एक्स-रेत आतड्याच्या भिंतीत हवा, म्हणजे एनईसीच, रात्री ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी गेली. आता तुम्ही म्हणता सिरिंज ओढू नका. ओढलं म्हणून तरी हिरवं दिसलं ना? दूध वाढवायची एवढी कसली घाई असते?

रात्रपाळी सिस्टर
दादा, वाचून हात थांबले. हिरवट आलं की फीड द्यायचंच नाही, डॉक्टरला उठवायचं, हे आमच्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. ते फीड जायला नको होतं, मी त्याची बाजू घेणार नाही.
पण घाईबद्दल बोलते, कारण हा प्रश्न मला रोज येतो. दूध किती वेगाने वाढवायचं याचा २८०४ बाळांवर अभ्यास झालाय, २०१९ ला आला. एका गटात रोज किलोमागे १८ मिली वाढ, दुसऱ्यात ३०. दोन वर्षांनी बघितलं तर फरक नाही, एनईसीतही नाही. आणि पांढरट दूध मागे येणं म्हणजे त्या वजनाच्या पोटाचा वेग कमी, एवढंच. त्यात सीपॅपची (श्वासाला मदत करणाऱ्या मशीनची) हवा पोटात जाते, पोट गोल दिसतं, नवी पोरगी टेप लावते, घेर वाढला म्हणते आणि फीड बंद करून टाकते. आम्ही पालथं झोपवतो, तेवढ्यानेही फरक पडतो.

जुळ्यांचा बाबा
२८०४ मला सांगू नका. ते वाचलंय मी, सगळं वाचलंय, चार वर्षं दुसरं काय करतोय?

सत्ताविसाव्या आठवड्याची आई
दादा, चिडून लिहिलं मी, पण तुमच्यावर नाही. हिरव्याचं तुमचं शंभर टक्के खरं. पण तुमच्याच पोस्टमध्ये पावडर लिहिलंय. छोट्या बाळांत आईचं दूध कमी पडतं तेव्हा दात्या आईच्या दुधाऐवजी पावडर दिली तर एनईसीचा धोका जवळपास दुप्पट होतो. दूध लवकर दिलं यापेक्षा कुठलं दिलं हे बघा. दुधाची बँक जवळ होती का तुमच्या?

जुळ्यांचा बाबा
होती. आईने नको म्हटलं. माझ्या आईने. कुणाचं दूध कोण जाणे म्हणाली आणि मी गप्प बसलो.

कराडची आजी
मी सासूच्या वयाची आहे म्हणून बोलते. आमच्या वेळी धाकट्याला माझ्या जावेने पाजलं, महिनाभर, मला ताप होता. कुणी जातपात विचारली नाही. आता बाटलीत येतं तर कुणाचं कुणाचं करतात.

पुणेरी अभियंता
आजी, घरातली जाऊ आणि अनोळखी बाई यात फरक आहे. कुठल्या औषधावर असेल, काय खात असेल, काय आजार असेल. शंका घेणं म्हणजे मागासपणा नव्हे.

सत्ताविसाव्या आठवड्याची आई
मग माहिती घ्या ना, शंका घेऊन बसता कशाला! दात्या आईची एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, सिफिलिसची तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात, जंतूंची चाचणी करतात आणि मगच देतात. हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही, आशियातली पहिली दुधाची बँक आपल्या मुंबईत, सायन हॉस्पिटलात, १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. महापालिकेच्या हॉस्पिटलात! आणि आपण अजून कुणाचं दूध विचारतोय. रक्त घेताना विचारता का कुणाचं?

पुणेरी अभियंता
ओरडू नका. तापवल्यावर त्यातले निम्मे गुण जातात हेही लिहा. त्या दुधावर वजन सावकाश वाढतं, हे आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आमचा १२५० ग्रॅमचा होता.

रात्रपाळी सिस्टर
निम्मे वगैरे नका लिहू, पण वजनाचं बरोबर आहे, सावकाश वाढतं, म्हणून फॉर्टिफायर (दुधाचं पोषण वाढवणारी भर) घालतो. आईचं स्वतःचं दूध सगळ्यात वर, बँकेचं दुसरं, पावडर शेवटची. आणि आजी, जावेचं न तपासलेलं दूध आज मी साडेनऊशे ग्रॅमच्या बाळाला देऊ देणार नाही, तुमचा धाकटा पूर्ण महिन्यांचा होता.

कराडची आजी
होता बाई. तीन किलोचा.

नगरची पंपवाली
सगळे आईचं दूध वर, आईचं दूध वर म्हणताय. ते येतं कुठून? सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, दिवसातून आठ वेळा काढा, रात्रीसुद्धा. कुठे काढू? एनआयसीयूबाहेर जिना होता, तिथे ओढणी लावून बसायचे, वॉचमन ये-जा करायचा. पंप घरच्यांना महाग वाटला म्हणून हाताने काढायचे. पहिले तीन दिवस सिरिंजच्या टोकाला पिवळे चार थेंब, ते घेऊन गेले तर एक सिस्टर म्हणाली एवढंसं कशाला आणलं. मी ते बेसिनमध्ये ओतलं. तो चीक होता! नंतर कळलं की तेच बाळाच्या गालात आतून लावतात. सहा वर्षं झाली, ते बेसिन डोळ्यासमोरून जात नाही.
आणि रजा! २६ आठवडे मिळतात, त्यातले ११ एनआयसीयूत गेले. पोरगी घरी आली तेव्हा सव्वादोन किलो, आणि माझा ऑफिसचा दिवस मोजायला सुरुवात. ऑफिसला जायला लागले आणि दूध आटलं. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या आईला वेगळी रजा का नाही, यावर कुणी अभ्यास करा.

रात्रपाळी सिस्टर
ज्या कुणी तुम्हाला असं म्हटलं तिच्या वतीने मी माफी मागते. चार थेंब आले तरी मी ट्रेसह दोन्ही हातांनी घेते. दूध काढायला पडदा लावलेली दोन खुर्च्यांची खोली मिळावी म्हणून आम्ही दीड वर्ष अर्ज केले. आता बाळ छातीशी धरून बसतात आया, उठल्या की लगेच काढतात, तेव्हा खरंच जास्त येतं.

पुणेरी अभियंता
रजेचा मुद्दा मान्य. हा धागा मात्र दूध कधी सुरू करायचं यावर होता.

नगरची पंपवाली
दूध असेल तर सुरू कराल ना?

पुणेरी अभियंता
ठीक आहे. मानलं. बँकेच्या दुधाबद्दलही माझा विरोध नव्हता, प्रश्न होते, त्यातल्या तपासणीचं उत्तर मिळालं. वजनाचं मी सोडत नाही.

जुळ्यांचा बाबा
ताई, आठवडाभर उपाशी ठेवा ही पोस्ट चूक, एवढं मी मानतो, कारण दुसरी जी आली तीही त्याच वेगाने दूध घेऊनच आली. पण तुम्ही वर 'सिरिंज ओढणं बंद' असं मोकळं लिहिलंय, ते दुरुस्त करा. कुणीतरी अर्धंच वाचेल.

सत्ताविसाव्या आठवड्याची आई
करते. मूळ पोस्टमध्ये आत्ता घातलंय: दर फीडला सवयीने ओढून बघायची गरज नाही, २०१९ मध्ये १४३ बाळांवर हे तपासलं, न ओढलेल्यांचं दूध लवकर वाढलं आणि ती घरीही आधी गेली. पण पोट फुगलं, कडक लागलं, बाळ मलूल झालं, शीमध्ये रक्त दिसलं किंवा उलटीत हिरवं आलं तर फीड थांबवा आणि डॉक्टरला त्याच मिनिटाला बोलवा. 'हिरवं' ठळक केलंय.
दादा, तिचं नाव काय ठेवलं होतं?

जुळ्यांचा बाबा
ठेवलं नव्हतं. बारसं घरी आल्यावर करणार होतो.

रात्रपाळी सिस्टर
माझी ड्यूटी आठला आहे, निघते. नगरच्या ताई, तुमच्या ओळखीत कुणी आत्ता एनआयसीयूत असेल तर त्यांना सांगा, चार थेंब असले तरी घेऊन या, सिरिंजवर नाव आणि वेळ लिहून.