मदत हवी आहे: स्ट्राँग हायब्रिड एसयूव्हीला तीन वर्षं होतायत, एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी की गाडी विकावी?

नमस्कार मंडळी,

गाडी म्हणजे छोटी स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर पळणारी), दीड लिटर पेट्रोल, एमएच 15 पासिंग. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. नाव आलं की कोणती कंपनी भारी यावर जुंपते आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. पुढच्या महिन्यात तीन वर्षं पूर्ण होतील, रनिंग 41,000 च्या आसपास. मूळ वॉरंटी संपत आलीय आणि एक्स्टेंडेड वॉरंटीसाठी शोरूममधून फोनवर फोन चालू आहेत. घरात मात्र वेगळाच सूर. बायको म्हणते, हायब्रिड म्हणून एवढे जास्तीचे पैसे मोजले आणि ॲव्हरेज साध्या पेट्रोलचं मिळतंय, तर भाव आहे तोवर विकून मोकळे होऊ.

आधी चांगलं सांगतो. इंजिनाची, गिअरबॉक्सची एकही तक्रार नाही. द्वारका सर्कलला संध्याकाळी जी काही सर्कस चालते, त्यात ही गाडी बॅटरीवर गुपचूप सरकत राहते. जुन्या डिझेलमध्ये तिथे क्लच दाबून दाबून डावा पाय गळून जायचा. ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत, निम्म्याहून जास्त शिल्लक. सिंहस्थाच्या कामांनी निम्मं नाशिक खोदून ठेवलंय, तरी सस्पेन्शन शांत आहे. डिकी मात्र नावालाच, कारण हायब्रिड बॅटरीने तिथेच ठाण मांडलंय. पिंपळगावहून मामांनी द्राक्षांचे दोन क्रेट दिले की एक डिकीत आणि दुसरा मागच्या सीटवर पोरांच्या मध्ये.

आता दुखणी.

ॲव्हरेज. पहिली दोन वर्षं टाकी फुल ते टाकी फुल मोजून 22-23 मिळायचं. या हिवाळ्यापासून 17 वर आलंय. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर "सर, ई20 पेट्रोल" (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं) एवढंच म्हणून विषय संपवला. घर इंदिरानगरला, ऑफिस आता अंबड एमआयडीसीत. आधी सिन्नरला होतं, दिवाळीनंतर इकडे बदली झाली. शनिवार-रविवारी बाजारहाट, मध्येच कधी ठाण्याला सासुरवाडी.

घाट. जुन्या हायवेने कसारा उतरताना निम्मा घाट गाडी बॅटरी चार्ज करत छान उतरते, आणि मग अचानक इंजिन ओरडायला लागतं. ॲक्सिलरेटरवर पाय नाही, तरी आवाज असा की कोणीतरी दुसऱ्या गिअरमध्ये ताणतंय. वडील म्हणतात न्यूट्रल टाक, आवाज बंद होईल. होतोही. पण बरोबर आहे का ते?

साधी बॅटरी. दिवाळीत आम्ही आठवडाभर रेल्वेने गावाला गेलो होतो. परत आलो तर गाडी मेलेली. दरवाजासुद्धा चावीच्या पात्याने उघडावा लागला. एवढी मोठी हायब्रिड बॅटरी असताना गाडी चालू कशी होत नाही, हे सोसायटीतल्या प्रत्येकाला समजावून थकलो. मलाच समजलेलं नाही, हा भाग वेगळा.

तर ठेवू की विकू? आणि ठेवायची तर वॉरंटीचे पैसे घालावेत का? ज्यांनी हायब्रिड तीन-चार वर्षांवर वापरलीय त्यांनीच शक्यतो सांगा.

मोहदरी घाट:

भाऊ, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. ऑफिस सिन्नरहून अंबडला आलं आणि ॲव्हरेज पडलं. गाडी तीच, बदलला तो रस्ता.

थंड इंजिन असताना हायब्रिड बॅटरीवर पळत नाही. सकाळी निघालात की पहिली काही मिनिटं इंजिन चालूच राहतं, कारण त्याला कूलंट आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम करायचा असतो. तो गरम झाल्याशिवाय धूर स्वच्छ होत नाही. इंदिरानगर ते अंबड म्हणजे पाचेक किलोमीटर. गाडी गरम होऊन खरी कमाई सुरू करणार, तोवर तुम्ही कंपनीच्या गेटवर. संध्याकाळपर्यंत ती पुन्हा थंड. त्यात नाशिकची थंडी! सिन्नरला जाताना हा सुरुवातीचा खर्च तीसेक किलोमीटरवर पसरायचा आणि मोहदरी घाट उतरताना थोडं परतही मिळायचं.

ई20 चा वाटा आहे, नाही असं नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई10 वरून ई20 वर गेलात तर हिशेबाने तीन-साडेतीन टक्के घट. 23 चं 22 होईल. 17 होणार नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांना हल्ली हे एकच औषध सापडलंय, डोकं दुखलं तरी तेच.

खात्री करायची तर एका रविवारी टाकी फुल करा, पाथर्डी फाट्यावरून घोटीपर्यंत 80 च्या आसपास जाऊन या, त्याच पंपावर पुन्हा फुल करा. 22 च्या वर आलं तर गाडी ठणठणीत आहे. जाण्याआधी टायरची हवा बघा, आणि तीही टायर थंड असताना.

निवृत्त फोरमन:

घाटाचा आवाज म्हणजे बिघाड नव्हे. गणितच करून दाखवतो.

इगतपुरी ते कसारा उंचीचा फरक सुमारे 300 मीटर. माणसं धरून गाडी 1600 किलो. वरून खाली येताना जी ऊर्जा सुटते ती सुमारे 1.3 युनिट, तेच युनिट जे वीजबिलात असतं. वाऱ्यात, टायरच्या घर्षणात बरीचशी जाते, तरी अर्धा-पाऊण युनिट बॅटरीकडे यायला बघणार. आणि या छोट्या हायब्रिड एसयूव्हींची बॅटरी एका युनिटाहूनही लहान असते. शिवाय आयुष्य टिकावं म्हणून गाडी ती पूर्ण रिकामी होऊ देत नाही आणि पूर्ण भरूही देत नाही, मधलाच पट्टा वापरते. म्हणजे निम्म्या घाटात जागा संपली. आता ब्रेकिंगमधून मोटर बनवते ती वीज ठेवायची कुठे? मग गाडी इंजिन नुसतं फिरवून तिथे ताकद खर्च करते. त्या वेळी पेट्रोल जळत नसतं, आवाज फक्त हवा दाबल्याचा. सप्तशृंगगडावरून नांदुरीला उतरताना हे आणखी लवकर होतं.

न्यूट्रल मात्र अजिबात नको. वडिलांना माझा नमस्कार सांगा, पण नको. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही आणि इंजिनाचा रोधही जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. उतारावर ब्रेक तापले की काय होतं ते कसाऱ्यात ट्रकवाल्यांना विचारा. गिअर लिव्हरवर "B" (उतारावर रोध वाढवणारा गिअर) असेल, घाट सुरू होताच तो टाका. आवाज वाढेल, वाढू द्या.

आणि ठाण्याला जायचं तर समृद्धीने का जात नाही? इगतपुरी ते आमणे टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसाऱ्याची वळणं टळतात.

धागाकर्ता:

फोरमनकाका, हिशेब वडिलांना वाचून दाखवला. "बरं" एवढंच म्हणाले, म्हणजे पटलंय. समृद्धीने जातो अधूनमधून, पण तिथे 110-120 ला ॲव्हरेज 16 च्या खाली जातं, म्हणून पुन्हा जुना रस्ता धरतो.

मोहदरी घाट:

जाणारच. त्या वेगाला हवा कापायलाच सगळी ताकद लागते, ब्रेकिंग नाही म्हणून परत काही मिळत नाही. हायब्रिडचं पोट थांबत-निघत चालण्यावर भरतं. समृद्धीवर 90-95 ला डाव्या लेनमध्ये चालवून बघा, लोक मागून दिवे दाखवतील तेवढं सोसा.

मिसळ विथ एक्स्ट्रा पाव:

विकायची ठरली तर आधी मला कळवा. डिकीचं मला काही नाही, मी एकटाच असतो.

कॉलेज रोडची ताई:

बॅटरीबद्दल मी सांगते, आमच्याकडेही हेच झालं होतं.

हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी पळवते. पण मोठी बॅटरी सुरक्षेसाठी बंद स्विचच्या मागे असते आणि तो स्विच जोडणारे कॉम्प्युटर चालतात साध्या 12 व्होल्टवर. लहान बॅटरी बसली की मोठी भरलेली असून उपयोग शून्य.

आता तीन गोष्टी सांगा. डॅशकॅम आहे का, आणि तो पार्किंग मोडवर (गाडी बंद असतानाही चालू) आहे का? गाडीची चावी घरात कुठे टांगता? आणि रोजचं रनिंग पाच-पाच किलोमीटरचंच आहे ना? आमचा फ्लॅट तळमजल्यावर, चावी खिडकीत, गाडी खिडकीला लागून. स्मार्ट की टप्प्यात असली की गाडी अधूनमधून जागी होत राहते आणि बॅटरी खाते. आता चावी आतल्या खोलीत ठेवते.

गाडी उभी ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा कोणाला तरी अर्धा तास चालू करायला सांगा. पण नीट ऐका, ब्रेक दाबून बटण दाबायचं आणि डॅशबोर्डवर "रेडी" आलं पाहिजे. ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबून रेडिओ लावला तर बॅटरी उलट उतरते. आमच्या वॉचमनकाकांनी भक्तिगीतं लावून नेमकं तेच केलं होतं.

बसलेली असेल तर दुसऱ्या गाडीवरून जंप देता येतो, मॅन्युअलमध्ये टोकं कुठे लावायची ते चित्र असतं. पण आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याला जंप द्यायचा नाही. तीन वर्षं झाली असतील तर 12 व्होल्टची बॅटरी तपासून घ्या, तिचं वयही झालंय.

धागाकर्ता:

ताई, डॅशकॅम आहे आणि पार्किंग मोडवरच आहे. ॲक्सेसरीच्या दुकानात बसवला, त्याने फ्यूज बॉक्समधून कायम चालू असणारी लाइन घेतलीय. चावी लांब असते. मोड आजच बंद करतो. आता वॉरंटीचं कोणीतरी बोला, ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे म्हणतात.

निवृत्त फोरमन:

ऑफर दर महिनाअखेरीला संपते आणि एक तारखेला पुन्हा सुरू होते. घाई करू नका, पण मूळ वॉरंटी संपायच्या आत निर्णय घ्या. नंतर गाडी तपासणीला लावतात आणि पैसेही वाढतात.

हायब्रिड बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेगळी असते, आपल्याकडे 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर असं बऱ्याच गाड्यांना आहे. तुमची पुस्तिका काढून वाचा. ती असेल तर ज्याला सगळे घाबरतात त्या बॅटरीसाठी एक्स्टेंडेड घ्यायची गरजच नाही. तुम्ही बघायचं ते इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा), ट्रान्सॲक्सल (मोटरी आणि गिअर एकत्र असलेला गिअरबॉक्स), एसीचा कॉम्प्रेसर (तो हायब्रिडमध्ये हाय व्होल्टेजवर चालतो) आणि स्क्रीन. हे मोडतं क्वचित, पण मोडलं तर बाहेरच्या गॅरेजमध्ये हात लावणारा माणूस नाशिकात शोधावा लागेल. एक्स्टेंडेडच्या कागदात ही चार नावं आहेत का ते सेल्सवाल्याला बोट ठेवून दाखवायला सांगा. तोंडी नको, ईमेलवर घ्या. असतील तर मी घेईन.

यांत्रिक बाजूने घाबरू नका. ई-सीव्हीटी (हायब्रिडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर त्यात पट्टा नाही, क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. दातेरी चक्रं आणि दोन मोटरी. टोयोटाने 1997 मध्ये जपानात प्रियस आणली तेव्हापासून ही मांडणी जगभर टॅक्सीत घासून निघालीय.

डॅशकॅमची वायर मात्र अधिकृत सर्व्हिसला नीट करून घ्या. उद्या काही इलेक्ट्रिकल क्लेम आला तर पहिलं बोट त्या जोडणीवर जाईल. नारिंगी वायरींना कोणालाही हात लावू देऊ नका, त्यात जीव घेण्याइतका करंट असतो. आणि मोठ्या बॅटरीला थंड ठेवणाऱ्या पंख्याची एक जाळी असते. जागा गाडीगाडीत वेगळी, मॅन्युअलमध्ये सापडेल. तिच्यासमोर सामान दाबून ठेवायचं नाही आणि सर्व्हिसला ती साफ करायला मुद्दाम सांगायचं. न सांगता कोणी करत नाही.

धागाकर्ता:

जाळी सापडली. नखाने खरवडलं तर वाकळीच्या कापसासारखा राखाडी थर निघाला, त्यात चिवड्यातला एक शेंगदाणा. तीन वर्षांत एकदाही काढलेली नसावी. सर्व्हिसच्या बिलात "हायब्रिड सिस्टीम चेक" दरवेळी लिहिलेलं आहे, हे आणखी.

घोटीची फेरी केली, 23.4 आलं. बायकोला पंपावरच पावती दाखवली. तिचं म्हणणं आता असं की मग रोज ऑफिसला स्कूटरने जा आणि गाडी लांबच्या कामाला काढ. पटण्यासारखं आहे, पण मग गाडी जास्त उभी राहणार आणि 12 व्होल्टचा प्रश्न पुन्हा येणार. वॉरंटीच्या कागदात इन्व्हर्टर आणि ट्रान्सॲक्सल आहेत, कॉम्प्रेसरचं ईमेलवर विचारलंय. उत्तर हो आलं तर घेतो आणि गाडी ठेवतो.

एकच राहिलं. 12 व्होल्टची बॅटरी बदलायची झाली तर बाहेरच्या दुकानातली साधी चालते का, की कंपनीचीच लागते?

कॉलेज रोडची ताई:

बाहेरची चालते, पण जुनीवर लिहिलेला टाइप आणि साइज तोच घ्या. बॅटरी केबिनमध्ये किंवा डिकीत असेल तर वायू बाहेर सोडणाऱ्या नळीची सोय असलेलीच लागते, दुकानदार साधी गळ्यात मारतात. आणि जुनी देऊन टाकू नका, बदलीत पैसे कमी होतात.