वाचताना डोक्यात आपोआप दहा मार्कांचं उत्तर तयार होतं, काय करू?

शाळू_बार्शी

नमस्कार मंडळी. एसवायबीएला आहे, मराठी स्पेशल, मूळचा बार्शी तालुक्यातला, सध्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. रूममध्ये पाच जण, चार एमपीएससीवाले आणि एक मी, त्यामुळं रात्री अकरानंतर लाइट कुणाच्या हक्काचा यावर रोज बैठक होते. प्रश्न जरा लांब आहे, एकच आहे का दोन तेही मला कळत नाहीये, सांभाळून घ्या.

मराठी घेतलं ते वाचायला आवडतं म्हणूनच. गावाकडं शाळेच्या पेटीतली पुस्तकं, पेपरच्या रविवारच्या पुरवण्या, जे हाताला लागंल ते वाचायचो, भजी बांधून आणलेला कागद सगळ्यांची खाऊन व्हायच्या आत ओढून घेतला म्हणून मार पण खाल्लाय. आता पुण्यात पुस्तकांना काय तोटा, अप्पा बळवंत चौकातनं नुसतं चालत गेलं तरी दोन तास जातात, पण वाचायला बसलो की दुसऱ्या पानावरच डोक्यात सुरू होतं, 'प्रस्तुत कादंबरीतून लेखकाने ग्रामीण जीवनाचे विदारक दर्शन घडविले आहे'. मी बंद करायला बघतो, होत नाही. परवा एका कथेत म्हातारा मेला तर मला वाईट वाटायच्या आधी 'कारुण्य' हे पोटशीर्षक दिसलं, खाली रेघ मारलेलं. गाइडं वाचून वाचून हे झालंय हे मला पण कळतं, पण मार्क पण पाहिजेत ना, घरनं पैसे येतात.

दुसरं म्हणजे लिहिण्याचं. मागच्या वर्षी एका नियतकालिकाला कथा दिली (नाव नको, विद्यार्थ्यांचं लिखाण छापतात). कथा अशी की सुगी झालीय, कडबा विकायचाय, व्यापाऱ्याचा माणूस पाचुंदे मोजून घेतोय आणि म्हातारी कडंला बसून एकेका पाचुंद्याला एक खडा बाजूला टाकतीय. तो म्हणतो अठ्ठावन्न झाले, म्हातारीच्या पुढं खडे साठ. एवढीच कथा. छापून आली आणि बघतो तर 'पाचुंदा' सगळीकडं 'गठ्ठा' केलेला, 'म्हनली' चं 'म्हणाली', 'इळा' चा 'विळा'. मला न विचारता. पाचुंदा म्हणजे पाच पेंढ्या, बरोब्बर पाच, कडबा विकला जातो शेकड्यावर, म्हणजे दोन पाचुंदे गेले तर दहा पेंढ्या गेल्या, हे वाचणाऱ्याला कळलं तरच म्हातारी का भांडतीय ते कळणार. गठ्ठा दोनचा पण असतो आणि पंचवीसचा पण असतो. माझी कथा गणितावर होती आणि गणितच काढून टाकलं.

त्यानंतर नवीन काही लिहायला बसलो की प्रत्येक शब्दाला थांबतो, हा चालंल का, हा बदलतील का, आणि शेवटी जे कागदावर येतं ते गाइडसारखंच दिसतं. कुणाचं असं झालंय का? वाचणं परत आधीसारखं कसं करायचं?

पेठेतला_जुना

प्रश्न वाचला. आधी सोपं सांगतो, अभ्यासाचं अभ्यासाला वाच, आणि जे अभ्यासाला नाही ते आनंदाला वाच. सिलॅबसमध्ये नाही असं काहीही, प्रवासवर्णन घे, शिकारकथा घे, पाकक्रिया वाच. तिथं तुझं दहा मार्कांचं यंत्र चालणार नाही कारण त्याचं गाइडच निघालेलं नाही.

आता कडू. मी जन्माने मराठी, शिक्षण मराठी माध्यमात, आणि पाचुंदा हा शब्द आज पन्नाशीत पहिल्यांदा ऐकला. कडबा म्हणजे काय हेही अंदाजानेच माहीत. संपादकाने विचारायला हवं होतं हे शंभर टक्के मान्य, पण त्याचीही बाजू बघ की, वाचणारे निम्मे माझ्यासारखे. एक तळटीप टाकली असतीस तर बिचाऱ्याने हात लावला नसता.

झाडीपट्टीची

काका, तळटीप आम्हीच का म्हणून द्यायची नेहमी?

मी चंद्रपूर जिल्ह्यातली आहे. लहानपणी वाचलेल्या निम्म्या पुस्तकांत पुणंच होतं. शनिपार, तुळशीबाग, हौद, वाड्याची दिंडी, माजघर, यातलं एक पण कुणी खाली तारा मारून समजावलं नव्हतं. पानशेत फुटलं म्हणजे काय झालं ते पण पुढचं मागचं वाचून आम्हीच जुळवलं, १२ जुलै १९६१ ही तारीख मला आमच्या गावच्या पुराच्या तारखेआधी पाठ झालेली. लकडी पूल तर मी इतक्या वेळा वाचला होता की इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात मुद्दाम बघायला गेली, आणि लाकूड कुठं आहे म्हणून शोधत होती, रिक्षावाला हसला. तरी माझं काही बिघडलं नाही. उलट मजा आली. तुम्ही आमच्यासाठी एवढं करू शकत नाही का, एक पाचुंदा? पाच हा आकडा तर शब्दातच बसलेला आहे.

शाळू, तुझ्या संपादकाबद्दल एक डोक्यात आलं ते सांगते. बहिणाबाई १९५१ ला गेल्या, पुस्तक १९५२ ला आलं, स्वतः लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी उतरवून घेतलेलं. आम्हाला शाळेत त्या कविता त्यांच्याच बोलीत होत्या, कुणी त्याला प्रमाण मराठी केलं नाही. केलं असतं तर चालच मोडली असती, म्हणून वाचल्या त्या. गद्याला चाल ऐकू येत नाही (असते, पण ऐकू येत नाही) म्हणून त्यात कुणीही हात घालतो.

वाचायचं म्हणशील तर माझ्याकडं उपाय नाही. मी पण एमएला आहे आणि माझं पण तेच झालंय, मला तर आता लग्नाच्या पत्रिकेत पण निवेदकाचा दृष्टिकोन दिसते.

निवृत्त_मास्तर_कोथरूड

तीस-एक वर्षं मराठी शिकवलं, त्यातली बरीच वर्षं आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाचं संपादनही केलं, त्यामुळे मी आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतोय असं समजा. असे शब्द मीही बदललेत. वाईट हेतू नसायचा, प्रेसला जायची घाई, मुद्रितशोधक एकच, आणि मनात पक्कं बसलेलं की पोराच्या नावाने छापून येतंय तर शुद्ध असावं, उद्या त्यालाच कुणी हसू नये. एका मुलाचा 'व्हता' मी 'होता' केला होता, अंक हातात घेऊन तो माझ्याकडे आला आणि काहीच बोलला नाही. तो चेहरा मला अजून दिसतो.

आणि गंमत म्हणजे नियमही माझ्या बाजूने नव्हता. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे, त्यात पुढे १९७२ साली भर पडली, पण त्या नियमांतच सांगितलंय की पात्राच्या तोंडचं बोलणं त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावं. म्हणजे तुझी म्हातारी 'म्हनली' असं निवेदनात आलं असेल तर वाद घालता येईल, पण तिच्या स्वतःच्या बोलण्यात बदल करायला कुणालाच आधार नाही. निवेदनाचं म्हणशील तर आनंद यादवांची 'गोतावळा' १९७१ साली आली, तिच्यात शेतावरचा गडी सगळी गोष्ट स्वतःच्याच बोलीत सांगतो, संवादच नव्हे तर निवेदनसुद्धा. यादव सर पुढे इथेच विद्यापीठात मराठी विभागात होते. म्हणजे हा प्रश्न पुण्यात काही काल उपटलेला नाही.

गाइडच्या भाषेबद्दल. ती कुणा एकाच्या वाईटपणातून तयार होत नाही. पेपर तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो (हा खरा गठ्ठा, कितीचा ते विचारू नका), एका उत्तरावर दोन-तीन मिनिटं मिळाली तर खूप, मग डोळा ओळखीचे शब्द शोधतो. विदारक, वास्तव, आशयघन. ते दिसले की पेन पुढे सरकतं. मुलं हे बरोबर ओळखतात. तू हे परीक्षेत कर, अजिबात लाजू नकोस, पोट आहे. पण पहिलं वाचन हातात पेन्सिल न घेता आणि मोठ्याने कर. मोठ्याने वाचताना जीभ गुंतलेली असते, मनातल्या मनात उत्तर लिहायला वाव राहत नाही. रूमवर चार एमपीएससीवाले मारतील, तेव्हा पर्वतीच्या पायऱ्या चढ नाहीतर नदीकाठी जा. पुस्तकंही विकत घेऊ नकोस, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं, दोन्ही तुझ्या कॉटपासून चालत. लायब्ररीच्या पुस्तकात रेघा मारता येत नाहीत हा त्यातला मोठा फायदा. (कुणीतरी आधीच मारलेल्या असतात ते सोड.)

आणि ती कथा मूळची असेल तर मोजणीचा भाग इथे टाक. छापलेला नको, तुझा.

शाळू_बार्शी

सर, मोठ्यानं वाचायचं आज करून बघितलं, नदीपात्रात गाड्या लावतात तिथं. एक काका थांबून ऐकत होते, त्यांना वाटलं पाठांतर चाललंय, म्हणले कुठली परीक्षा. पण दहा-बारा पानं खरंच उत्तर आलं नाही डोक्यात. एक ठिकाणी हसलो पण, एकटाच.

ताई, ते पत्रिकेचं वाचून रूमवर सगळे हसले.

मोजणीचा भाग, माझ्या वहीतला, कुणी हात न लावलेला:

'व्यापाऱ्याचा गडी टेम्पोच्या फाळक्यावर उभा व्हता. खालनं आप्पा पाचुंदा उचलून देत व्हते आन तो झेलत व्हता. एक, दोन, तीन, चार, त्यो मोठ्यानं मोजायचा. म्हातारीनं पदरात खडे घ्येतल्याले. गड्याच्या त्वांडाकडं ती बघतच नव्हती, आप्पाच्या हाताकडं बघायची. हात वर ग्येला का खडा खाली. मधीच गड्याला त्याच्या दोस्ताचा फोन आला, त्यो बोलत बोलत झेलाय लागला, आन म्हातारीनं हातातला खडा जरा जोरात टाकला.'

पेठेतला_जुना

आता कळलं पाचुंदा. तळटीप मागे घेतो. फोनवर बोलत बोलत दोन हुकले हे छापलेल्यात होतं का?

शाळू_बार्शी

होतं काका, पण 'दूरध्वनी' केलं होतं.

भुसार_मार्केटयार्ड

साहित्यातलं मला काही कळत नाही, मुलीनं हे वाचायला दिलं म्हणून लिहितोय. मार्केटयार्डात माझी उमेद गेली, त्याआधी गावाला वैरणीचाच धंदा होता. भाग चांगला लिहिलाय, म्हातारी हाताकडं बघते हे बरोबर आहे, मोजून घेणाऱ्याच्या तोंडाकडं बघितलं की माणूस फसतो.

पण मोजणी चुकली तुझी. पहिल्याला 'एक' कोण म्हणतं? लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. धान्याचं माप असो, वैरण असो, जुना माणूस एकनं सुरुवात करणारच नाही. आमच्याकडं तर एखाद्या नवीन पोरानं एक म्हणून सुरुवात केली तर परत पहिल्यापासून मोजायला लावायचे. तुमच्या बार्शीकडं वेगळं असेल तर माहीत नाही, पण मला वाटत नाही.

निवृत्त_मास्तर_कोथरूड

काय सांगताय! अहो हे मला लहानपणी आजोळी ऐकलेलं आठवतंय, आणि तरी मी तो उतारा दोनदा वाचला आणि 'एक' वर अडखळलो नाही.

झाडीपट्टीची

शाळू घरी फोन लाव आणि विचार. आत्ताच लाव.

शाळू_बार्शी

लावला. आप्पा गोठ्यात होते, आईनं नेऊन दिला फोन. म्हटलं कडबा मोजताना पहिल्याला काय म्हणतात. म्हणले, 'लाभ. का रं?' मी म्हटलं काही नाही, कथेत लिहायचं होतं. म्हणले मग लिव की. मी म्हटलं मी एक लिहिलंय. जरा वेळ नुसता म्हशीच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज, मग म्हणले, 'इतकी वर्सं माझ्यासंगं मोजाय व्हतास की रं तू.' मागनं आजी विचारत होती काय म्हणतंय पोरगं, आप्पांनी सांगितलं, तर ती म्हणली पुण्यात मोजाय काय नसंल त्याला.

वही काढून बघितली. संपादकानं नाही बदललं हे, वहीत पण एकच आहे. खाडाखोड असती तर म्हटलं असतं की आधी लाभ लिहिलं आणि मग भीतीनं खोडलं. खाडाखोड पण नाही. सरळ एक लिहिलंय, स्वच्छ अक्षरात, आणि मला लिहिताना काही वाटलं पण नव्हतं. म्हणजे संपादकावर वर्षभर चिडलो ती एक गोष्ट, हे कुणावर चिडायचं.

आता अख्खी कथा पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतलीय, हळू आवाजात, म्हणजे पुटपुटत. तिसऱ्या पानापर्यंत असे आठ सापडलेत. 'दावणीला' च्या जागी 'गोठ्यात' लिहिलंय, आजी 'येरवाळी' म्हणते तिथं मी तिला 'सकाळी लवकर' म्हणायला लावलंय. अजून चार पानं आहेत. एमपीएससीवाले लाइट घालव म्हणतायत, उद्या टाकतो.