मदत हवी आहे: व्हीएलएफ (अतिनिम्न कंप्रतेच्या रेडिओ लहरींच्या) रिसीव्हरवर नुसतं घुंऽऽ

खटपट्या: तीन रविवार यात गेले. एफईटी ट्रान्झिस्टरचा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट), गेटला १० मेगओहम, आउटपुट लॅपटॉपच्या माइकमध्ये. सर्किट चारदा तपासलं, एफईटी दोनदा बदलला. स्पेक्ट्रमवर २४ किलोहर्ट्झला अमेरिकेतल्या कटलर प्रसारण केंद्राची रेघ दिसायला हवी, तर खाली ५०, १००, १५० हर्ट्झची भिंत आणि वर अंधार. कोणीतरी लवकर सांगा, आज रात्री परत बसतोय.

तारसांधे: अँटेना कसली? कुठे लावलीय? सप्लाय?

खटपट्या: दीड मीटर वायर, खिडकीत. सप्लाय ९ व्होल्टची बॅटरी, तिकडे प्रश्नच नाही.

लूपप्रेमी: वायर फेका. मीटरभराच्या चौकटीवर ५० वेढ्यांचा लूप बांधा. विद्युतक्षेत्र भिंतीतल्या लोखंडाने अडतं, चुंबकीय आत येतं.

तारसांधे: वायरिंगचा हम, म्हणजे हा घुंऽऽही, मग त्याच वाटेने येतो की! घरातल्या लूपवर मी वर्ष घालवलंय. मैदानात उभी तारच बरी.

लूपप्रेमी: लूप नीट फिरवला नसेल. हमचा नल, म्हणजे हम जवळजवळ नाहीसा होतो ती दिशा, सापडतो.

डोंगलबाबा: एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचा रेडिओ) घ्या राव, कटकट मिटेल. माझा २४ पासून पुढे सगळं पकडतो.

तारसांधे: अहो, २४ मेगा! त्यांना किलो हवंय.

आकाशवेडा: जरा अवांतर. जमलं की व्हिसलर जरूर ऐका. विजेची लहर पृथ्वीच्या चुंबकीय रेषेवरून दुसऱ्या गोलार्धात जाते. वरची कंप्रता आधी पोचते, खालची रेंगाळते, म्हणून शीळ वरून खाली घसरते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं होतं.

खटपट्या: छान. माझ्या घुंऽऽचं काय?

हळूबाई: लॅपटॉप चार्जरवर आहे का?

खटपट्या: अर्थात. त्याची बॅटरी अर्धा तासही टिकत नाही.

हळूबाई: मग सर्किटला बॅटरी लावून काय उपयोग? ऑडिओ केबलच्या ग्राउंडमधून मेन्सचा (घरातल्या विजेचा) घुंऽऽ आत आलाच. अर्धा तास तर अर्धा तास, चार्जर काढा.

खटपट्या: घुंऽऽ निम्म्याहून कमी! वाळल्या पाचोळ्यावर कोणी चालतंय असं कडकड ऐकू येतंय.

हळूबाई: त्या लांबच्या विजा. सर्किट ठीक आहे तुमचं. सॅम्पल रेट किती ठेवलाय?

खटपट्या: ४४.१ किलोहर्ट्झ. तो बदलायचा असतो?

हळूबाई: सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतच दिसतं. २२ च्या वर काही येणारच नाही.

लूपप्रेमी: ४८ करा.

तारसांधे: ४८ चं निम्मं बरोब्बर २४, तिथे साउंड कार्डाचा फिल्टरच कापतो. ९६ हवं. तोवर १९.८ ला ऑस्ट्रेलियाचं एनडब्ल्यूसी प्रसारण केंद्र शोधा.

खटपट्या: ९६ चा पर्याय नाही. पण १९.८ जवळ बारीक रेघ आहे!!!

हळूबाई: अँटेना काढून बघा.

खटपट्या: काढली. रेघ तशीच.

तारसांधे: म्हणजे ती लॅपटॉपचीच.

लूपप्रेमी: म्हणून पहिल्यापासून सांगतोय, लूप बांधा.