‘स्पीडी’चा विजय नशिबाचा नव्हता

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०११ मध्ये भरलेल्या, ब्रिटिश नौदल अधिकारी कॉक्रेन याच्यावरील प्रदर्शनाबद्दल लिहिताना, ‘एल गामो’ हे स्पॅनिश जहाज त्याला निव्वळ नशिबाने मिळाले असे एकाने म्हटले आहे, ते मला पटत नाही. ६ मे १८०१ रोजी त्याच्या ‘स्पीडी’वर ५४ माणसे व १४ तोफा होत्या, समोर ३१९ माणसे व ३२ तोफा, परंतु त्याने आपली बुटकी नौका शत्रूला इतकी खेटवली की स्पॅनिश गोळे डोक्यावरून जाऊ लागले आणि ‘स्पीडी’च्या तोफा, तोंडे वर करून, त्यांचा डेक खालून फोडू लागल्या. शेवटी ‘स्पीडी’वरचे सगळेच चढाईला धावले, सुकाणू तेवढे डॉक्टरांच्या हाती राहिले. ‘स्पीडी’च्या तोफाही कसल्या, चार पौंडांचा गोळा फेकणाऱ्या! एका बाजूचे सगळे गोळे आपल्या खिशात मावत, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. सात गोळे, म्हणजे जेमतेम तेरा किलो.